मेथाडोनची कुळकथा

हेरॉइनच्या व्यसनावर पर्यायी औषध म्हणून दिले जाणारे मेथाडोन मुळात त्या कामासाठी जन्मलेच नव्हते. 1930 नंतरच्या दशकाअखेरीस जर्मनीच्या आय. जी. फार्बेन कंपनीतील माक्स बॉकम्यूल आणि गुस्ताव एअरहार्ट यांनी ते तयार केले आणि त्याचा उपयोग वेदनाशामक म्हणून झाला. युद्धानंतर त्याचे पेटंट दोस्तराष्ट्रांच्या हाती पडले आणि 1947 मध्ये अमेरिकेच्या इलाय लिली कंपनीने ते ‘डोलोफिन’ नावाने विकायला काढले. हे नाव अडॉल्फ हिटलरवरून पडल्याची वदंता टिकून आहे. पराभूत शत्रूचा गौरव एखादी अमेरिकी कंपनी कशाला करील, एवढाच प्रश्न ती वदंता खोडायला पुरे.

केंटकीतील लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात ते व्यसनींना लवकरच मिळू लागले, पण मात्रा उतरवत काही दिवसांत बंद करण्यापुरतेच. टर्कीचे हाल, म्हणजे नशा तुटल्यावरच्या यातना, कमी होत. सुटका झाल्यावर बहुतेकांचे पाय मात्र पुन्हा हेरॉइनकडेच वळत.

1964 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत व्हिन्सेंट डोल, मरी निस्वांडर आणि मेरी जीन क्रीक यांनी ते बंदच न करण्याचा प्रयोग केला. आधी त्यांनी मॉर्फिन देऊन पाहिले होते. त्याची सुई दिवसातून अनेकदा टोचावी लागे, मात्रा वाढतच जाई आणि रुग्ण पुढच्या सुईची वाट पाहत दिवस काढत. मेथाडोनवर आणताच त्यांच्यापैकी एकाने चित्रे काढायला घेतली, दुसऱ्याला अर्धवट राहिलेले शिक्षण आठवले. तोंडाने घेतलेली एक मात्रा दिवसभर पुरे, तलफ येत नसे. मात्रा पुरेशी असली की वर हेरॉइन टोचूनही कैफ चढत नसे. 22 रुग्णांवरचा हा अहवाल 1965 मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेह्याला इन्सुलिन, तसे हे औषध, अशी डोल यांची भूमिका होती.

एक व्यसन काढून दुसरे लावले, हा आक्षेप तेव्हापासूनचा. अतिमात्रेने श्वास थांबू शकतो, म्हणून देखरेख हवीच. पण रोज केंद्रावर रांग लावून परिचारिकेसमोर औषध पिण्याच्या नियमात काळजीइतकाच संशयही होता.

जिभेखाली ठेवायचे ब्युप्रेनॉर्फिन हे दुसरे पर्यायी औषध त्यामानाने सुरक्षित, कारण ठरावीक मात्रेनंतर श्वासावरचा परिणाम फारसा वाढत नाही. 1990 नंतरच्या दशकात फ्रान्सने ते साध्या डॉक्टरांच्या हाती दिले. 2005 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन्ही औषधे आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. भारतात क्रम उलटा लागला: इथे ब्युप्रेनॉर्फिन आधी रुळले, मेथाडोन बऱ्याच वर्षांनी आले.