स्नोड्रॉप : हातोहात वाढलेलं कूळ

पहिल्या पावसानंतर आपल्याकडे कुंपणाच्या कडेला लिलीची फुलं अचानक उभी राहतात. काल तिथे कोरडी माती होती, आज गुलाबी-पांढरी रांग. खालचा कंद उन्हाळाभर निपचित पडून याच सरींची वाट बघत असतो. इंग्लंडच्या बागांमध्ये असाच एक कंद थंडी सरता सरता जागा होतो. जानेवारी-फेब्रुवारीत, झाडांवर एकही पान नसताना, वीतभर उंचीचं मान खाली घातलेलं पांढरं फूल वर येतं. हा स्नोड्रॉप. आपली पावसाळी लिली आणि हा, दोघं वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकाच कुळातले. आता कांदा आणि लसूणही त्याच कुळात मोडतात.

या फुलाला इंग्रज मंडळी अगदी घरचं मानतात. पण कूळ शोधायला गेलं तर ते परकं निघतं. त्याचं मूळ घर दक्षिण आणि मध्य युरोपातली पानगळीची रानं. ब्रिटनमध्ये ते ख्रिस्ती मठांतल्या साधूंनी आणलं असं सांगतात आणि जुन्या मठांच्या पडक्या भिंतींभोवती त्याचे गालिचे दिसतातही. मात्र लेखी पुरावा सोळाव्या शतकाच्या मागे जात नाही. १५९७ साली जॉन जेरार्ड यांनी आपल्या वनस्पतिकोशात त्याची नोंद केली ती ‘लवकर फुलणारं कंदाचं व्हायोलेट’ अशी. इटलीत ते रानोमाळ उगवतं आणि लंडनच्या बागांनी ते आपलंसं केलं आहे, असंही त्यांनी म्हटलं. ‘स्नोड्रॉप’ हे नाव त्याच ग्रंथाच्या १६३३ च्या सुधारित आवृत्तीत येतं. यातला ‘ड्रॉप’ म्हणजे थेंब नसून कानातला लोलक असावा, असं एक मत आहे. फुलाकडे बघितलं की ते पटतं: बारीक देठाला टांगलेलं डूलच ते. फ्रेंच लोकांचं लक्ष दागिन्याकडे गेलं नाही. ते त्याला ‘बर्फ भेदणारं’ म्हणतात, आणि पानांची टोकं खरोखरच तशी टणक असतात. पुढे लिनियस यांनी ‘गॅलँथस’ असं शास्त्रीय नाव दिलं. ग्रीक भाषेत ‘गाला’ म्हणजे दूध आणि ‘अँथोस’ म्हणजे फूल.

बागेत आलेला हा पाहुणा हळूहळू कुंपणाबाहेर गेला. ब्रिटनमध्ये तो रानात उगवलेला दिसल्याची पहिली नोंद १७७० च्या दशकातली आहे. म्हणजे अनेक पिढ्या तो फक्त बागेतलाच होता.

एकोणिसाव्या शतकात या घराण्यात नवी माणसं आली. १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धातून परतणाऱ्या काही सैनिकांनी तिथल्या दुमडलेल्या पानांच्या स्नोड्रॉपचे कंद सोबत आणले. १८७४ मध्ये हेन्री जॉन एल्वेस यांना तुर्कस्तानात स्मिर्नाजवळच्या डोंगरात रुंद पानांची जात सापडली. पुढच्याच वर्षी जोसेफ हूकर यांनी तिला एल्वेस यांचं नाव दिलं. युरोपातल्या आणि पूर्वेकडच्या जाती एकाच वाफ्यात आल्यावर मधमाश्यांनी आपलं काम केलं आणि संकरित रोपं दिसू लागली. सॉमरसेटमधल्या शेप्टन मॅलेटच्या जेम्स ॲलन यांनी हे काम मधमाश्यांवर सोडलं नाही, मुद्दाम संकर करून शंभराहून अधिक वाण जमवले. मग बुरशी आणि माशीच्या अळ्यांनी त्यांचा बराचसा संग्रह खाल्ला. ‘मॅग्नेट’ आणि ‘मर्लिन’ हे त्यांचे वाण मात्र आजही बागांत फुलतात.

या कुळाचा खरा वंशविस्तार होतो तो असा एका बागेतून दुसऱ्या बागेत. साधा स्नोड्रॉप बी धरतो आणि त्या बियांना चिकटलेल्या तेलकट खाऊसाठी मुंग्या त्या ओढून नेतात. पण बीपासून उगवलेलं रोप आईसारखंच निघेल याची खात्री नसते आणि कित्येक संकरांना बीच धरत नाही. वाण टिकवायचा तर कंदाला फुटलेली पिल्लं वेगळी करून लावायची. म्हणून नावाजलेल्या वाणांमागे बहुधा एखादी भेट असते. स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीसच्या सॅम्युअल अर्नॉट यांनी एल्वेस यांना काही कंद दिले. मधासारख्या वासाचा तो दणकट वाण आज ‘एस. अर्नॉट’ म्हणून घरोघरी आहे.

या नादालाही नाव पडलं. गॅलँथसवर जीव टाकणारा तो ‘गॅलँथोफाइल’. या शब्दाचं श्रेय एन्फील्डचे बागकार ई. ए. बोल्स यांना दिलं जातं. ही मंडळी ऐन थंडीत गुडघ्यांवर बसून फूल उलटं करून बघतात, कारण आतल्या तीन लहान पाकळ्यांवरच्या हिरव्या ठिपक्याच्या आकारावरून वाण ओळखतात. ठिपका हिरव्याऐवजी पिवळा निघाला की भाव चढतो. २०२२ मध्ये ‘गोल्डन टीअर्स’ या वाणाचा एक कंद लिलावात १८५० पौंडांना गेला. दुसऱ्या टोकाला रानातून कंद उपटून विकण्याचा धंदा इतका वाढला की या प्रजातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याखाली आणावा लागला.

साध्या वाणाला इतका पैसा लागत नाही. ब्रिटनमध्ये किंवा तशाच थंड मुलखात राहणाऱ्या मराठी वाचकांनी पानगळीच्या झाडाखालची, पालापाचोळ्याने भुसभुशीत झालेली जागा निवडावी. वर पालवी दाट होण्याआधी मिळणाऱ्या उन्हावर हा कंद वर्षभराची शिदोरी साठवतो, म्हणून फुलं गेल्यावरही पानं पिवळी पडेपर्यंत कापू नयेत. सुकलेले कंद बऱ्याचदा दगा देतात. फुलं ओसरताना पानांसकट उपटलेला जुडगा मिळाला तर लगेच लावावा आणि तीन-चार वर्षांनी दाटी झाली की फोडावा. कंद दिसतो छोट्या कांद्यासारखा, पण विषारी आहे. स्वयंपाकघरापासून आणि मुलांपासून लांब ठेवावा. त्याच्यातलं गॅलँटामिन हे द्रव्य अल्झायमरवरच्या औषधात वापरतात, तेही डॉक्टरांच्या हातून.

पुण्या-नागपुरात मात्र त्याला मागवू नका. हिवाळ्याच्या खऱ्या गारठ्यावाचून तो जगत नाही. त्यापेक्षा या पावसात शेजारच्या काकूंकडून पावसाळी लिलीचे चार कंद मागून घ्या, आणि तुमच्याकडे दाटी झाली की पुढच्या घरी द्या.