राजकोश आणि लोकप्रतिनिधी : हिशेब विचारण्याच्या हक्काची कथा



स्मरणिकेच्या ह्या अंकासाठी काहीतरी ऐतिहासिक लिहावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, किल्ले आणि राज्याभिषेक उभे राहतात. परंतु राज्य जसे तलवारीवर चालते तसेच ते कोशावरही चालते. आणि कोशात पैसा कोणाचा, तो खर्च कोणी करावयाचा व त्याचा जाब कोणी कोणास विचारावयाचा, हा प्रश्न कोणत्याही लढाईइतकाच महत्त्वाचा आहे. लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींनी सरकारास खर्चाचा हिशेब विचारावा, हा हक्क आज आपणांस हवेपाण्यासारखा सहज वाटतो. तथापि तो आपल्या देशात कोणी दान म्हणून दिलेला नाही. तो पायरी-पायरीने मिळवावा लागला, आणि त्या कामी महाराष्ट्रातील काही माणसांचा, विशेषतः शिक्षकांचा, मोठा वाटा आहे. त्याचीच ही अल्पशी हकीकत.

हिशेब ठेवणे ही गोष्ट आपल्याकडे नवी नव्हे. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत जमाखर्च पाहणारा अमात्य ऊर्फ मुजुमदार होता, आणि पेशवाईतील फडाचे दप्तर तर प्रसिद्धच आहे. परंतु ते हिशेब धन्यासाठी असत. रयतेस ते पाहण्याचा अधिकार नव्हता. कंपनी सरकारच्या काळातही धनी तेवढा बदलला. १८५७ च्या उठावानंतर खजिना कर्जात बुडाला, तेव्हा विलायतेहून जेम्स विल्सन नावाचे अर्थतज्ज्ञ आणविण्यात आले व १८६० साली त्यांनी हिंदुस्थानचा पहिला अर्थसंकल्प मांडला. त्यात प्राप्तीवरील कराची योजना होती. पुढे १८६१ च्या कायद्याने कायदेमंडळात सरकारनियुक्त हिंदी सभासद बसू लागले खरे. परंतु नवा कर बसवावयाचा असेल व त्यासाठी विधेयक आणावे लागले, तरच पैशाचा विषय मंडळापुढे येई. ज्या वर्षी नवा कर नाही, त्या वर्षी बोलण्यास जागाच नाही! विलायतेत मात्र ह्याच १८६१ साली पार्लमेंटची लोकलेखा समिती स्थापन झाली होती. तेथील लोकांस जो हक्क होता तो त्यांच्याच राज्यातील आपल्या लोकांस नव्हता, ही विसंगती दादाभाई नौरोजींसारख्यांच्या मनास सलत होती.

राष्ट्रसभेच्या खटपटीनंतर १८९२ चा कायदा आला. त्याने दोन गोष्टी दिल्या. वार्षिक जमाखर्चाच्या अंदाजावर सभासदांनी बोलावे आणि नियमांच्या मर्यादेत प्रश्न विचारावेत. मात्र मत देण्याचा हक्क नव्हता, ठराव आणण्याचा नव्हता, किंबहुना उत्तर अपुरे वाटल्यास उपप्रश्न विचारण्याचाही नव्हता. वर्षातून एकदा उभे राहावे, बोलावे आणि खाली बसावे, एवढेच. पुष्कळांनी ह्या सवलतीस पोकळ म्हणून नावे ठेविली, आणि ते खोटेही नव्हते. परंतु पोकळ भांड्यातूनही नाद काढता येतो, हे ज्यांनी दाखविले ते नामदार गोपाळ कृष्ण गोखले होत.

गोखले ह्यांचा जन्म १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावचा. घरची स्थिती गरिबीची. न्यू इंग्लिश स्कुलात व पुढे फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी अध्यापन केले. गणित हा त्यांच्या हातचा विषय, आणि त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांतून चालले. न्यायमूर्ती रानडे ह्यांच्या हाताखाली सार्वजनिक सभेचे काम करताना सरकारी अहवाल कसे वाचावेत हे ते शिकले. १८९७ साली विलायतेत वेल्बी कमिशनपुढे हिंदुस्थानच्या खर्चाविषयी त्यांची साक्ष झाली, तेव्हा त्यांचे वय अवघे तीस-एकतीस होते. मुंबईच्या कायदेमंडळातून ते मध्यवर्ती कायदेमंडळात गेले आणि २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास त्यांनी अर्थसंकल्पावर आपले पहिले भाषण केले. अध्यक्षस्थानी स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन होते.

त्या वर्षी सरकारी तिजोरीत सुमारे ७ कोटी रुपये शिल्लक दाखविण्यात आली होती. शिलकेबद्दल अर्थसभासदांचे अभिनंदन करावे, असाच एकंदर सूर होता. गोखल्यांनी मात्र अभिनंदनात सामील होण्यास नम्रपणे नकार दिला. त्यांचा प्रश्न साधा होता. ज्या देशात १८९६-९७ चा व १८९९-१९०० चा असे दोन भयंकर दुष्काळ लागोपाठ पडले, प्लेगने घरेच्या घरे ओस पडली, त्या देशात तिजोरी भरते ती कशाने? रयत सुखी झाली म्हणून, की तिच्याकडून गरजेपेक्षा जास्त वसूल झाले म्हणून?

येथे थोडे अंकगणित आवश्यक आहे. वाचकांनी कंटाळू नये. हिंदुस्थान सरकारास दरसाल विलायतेस निवृत्तिवेतने, व्याज इत्यादींपोटी दीड कोटी पौंडांहून अधिक रक्कम पाठवावी लागे. कर रुपयांत वसूल होई आणि देणे पौंडांत असे. एक पौंड म्हणजे २४० पेन्स. चांदीची किंमत उतरत जाऊन १८९४-९५ च्या सुमारास रुपया १३ पेन्सांच्या आसपास आला, तेव्हा एका पौंडासाठी साधारण साडेअठरा रुपये मोजावे लागत. ही तूट भरून काढण्याकरिता कर वाढले. १८८८ साली मिठावरील कर मणामागे दोनाचा अडीच रुपये झाला. पुढे १८९३ साली सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीस बंद केल्या आणि काही वर्षांत रुपया १६ पेन्सांवर चढला. आता पौंडास १५ रुपये पुरू लागले. दीड कोटी पौंडांवर पौंडामागे सुमारे साडेतीन रुपये वाचले, म्हणजे दरसाल पाच कोटींहून अधिक रुपयांची बचत झाली. ज्या अडचणीसाठी कर वाढविले ती अडचण सरली, पण कर तसेच राहिले! शिलकेचे रहस्य हे होते. हे गणित इंग्रजी पाचवी-सहावीतील मुलासही सोडविता आले असते. परंतु ते मांडण्याचे धैर्य व त्यासाठी अहवालांचे ढीग उपसण्याची चिकाटी दुर्मिळ होती.

ह्या चिकाटीत गोखल्यांचे एक साहाय्यक होते, त्यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. ते म्हणजे रावबहादुर गणेश व्यंकटेश जोशी. पेशाने ते सरकारी हायस्कुलाचे हेडमास्तर. शाळा सांभाळून त्यांनी हिंदुस्थानच्या शेतीचे, जमाबंदीचे व खर्चाचे आकडे असे काही आत्मसात केले होते की रानडे व गोखले दोघेही त्यांचा सल्ला घेत. अर्थसंकल्पावरील भाषणाच्या तयारीत जोश्यांचा हात मोठा होता. वर्गात खडूने बेरजा करणारा मनुष्य साम्राज्याच्या अर्थसभासदास उत्तर देण्यास भाग पाडतो, ही गोष्ट आम्हां शिक्षकांस अभिमानाची वाटावी ह्यात नवल नाही.

गोखल्यांनी केवळ टीका केली नाही. मिठावरील कर कमी करावा, प्राप्तीवरील कराची मर्यादा वाढवावी, गिरण्यांच्या कापडावरील जकात काढावी आणि शिलकेचा पैसा शिक्षण व रयतेच्या हिताकडे वळवावा, अशा नेमक्या मागण्या त्यांनी मांडल्या. मत देण्याचा हक्क नसताना ह्याचा काय उपयोग, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर पुढील वर्षांतच मिळते. १९०३ साली मिठाचा कर अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला, आणि प्राप्तीवरील कराची सूट वार्षिक ५०० रुपयांऐवजी १,००० रुपयांपर्यंत मिळाली. १९०५ साली मिठाचा कर दीड रुपया व १९०७ साली एक रुपया झाला. हे सर्व एकट्या गोखल्यांच्या भाषणाने झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु सरकारच्या आकड्यांनीच सरकारास निरुत्तर करता येते, हे त्यांनी सिद्ध केले. कर उतरल्यावर मिठाचा खप वाढला, ह्यावरून गरिबाच्या ताटातील मीठ करामुळे किती आखडले होते ते दिसून आले.

१९०९ च्या सुधारणांनी अर्थसंकल्पावर ठराव मांडता येऊ लागले, पण ते सरकारवर बंधनकारक नव्हते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे गोखल्यांचे विधेयक १९१२ साली ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. १९१५ साली गोखले निवर्तले. १९१९ च्या कायद्यानंतर खर्चाच्या काही मागण्यांवर मतदानाचा हक्क आला. परंतु लष्करासारख्या मोठ्या बाबी मतदानाबाहेर होत्या, आणि कायदेमंडळाने नाकारलेले परत घालण्याचा अधिकार व्हाइसरॉयांकडे होता. ह्याचा पडताळा मिठानेच दिला. १९२३ साली सरकारने मिठाचा कर सव्वा रुपयावरून पुनः अडीच रुपये करण्याचे योजिले. मध्यवर्ती असेंब्लीने ते साफ नाकारले. तरी व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग ह्यांनी आपल्या खास अधिकाराने तो कर लादला. पुढील वर्षी तो पुनः सव्वा रुपयावर आणावा लागला हे खरे. परंतु नाकारण्याचा हक्क हा शेवटचा शब्द नसेल तर तो हक्कच नव्हे, हा धडा देशास मिळाला. मिठाचा कर अखेर उठला तो १९४७ साली.

१९२१ साली मध्यवर्ती लोकलेखा समितीही अस्तित्वात आली. तिच्या अध्यक्षस्थानी मात्र सरकारचा अर्थसभासदच बसे. म्हणजे ज्याने खर्चावयाचे त्यानेच तपासावयाचे! ही विपरीत स्थिती १९५० साली राज्यघटनेबरोबर संपली. समिती लोकसभेच्या सभापतींच्या अधिकाराखाली आली. तेव्हाचे सभापती गणेश वासुदेव मावळंकर. मूळ घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील, जन्म बडोद्याचा व कर्मभूमी अहमदाबाद. आगाऊ काटकसर सुचविणारी अंदाज समितीही १९५० सालीच स्थापन झाली. १९६७ पासून लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात पडला. तसे पहिले अध्यक्ष मिनू मसानी होते.

नव्या व्यवस्थेची खरी कसोटी लागली ती १९५७ साली. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५६ साली आयुर्विमा धंद्याचे राष्ट्रीयीकरण झाले व त्याच वर्षी पुढे आयुर्विमा महामंडळ निघाले होते. लक्षावधी सामान्य कुटुंबांचा विम्याचा पैसा त्यात होता. जून १९५७ मध्ये ह्या महामंडळाने हरिदास मुंदडा ह्यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग घेतले, आणि तेही गुंतवणूक समितीस न विचारता. लोकसभेत प्रश्न आले. पहिल्या उत्तराने समाधान झाले नाही म्हणून पुनः विचारले गेले. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोझ गांधी ह्यांनी आकडे व तारखा पुढे ठेवून सारा व्यवहार उघडा केला. ते सत्तारूढ पक्षाचेच सभासद होते, शिवाय पंतप्रधान पंडित नेहरूंचे जामात. तरी त्यांनी भीड धरली नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला ह्यांचे एकसदस्य चौकशी मंडळ नेमले गेले. मुंबईत उघड चौकशी झाली. ती ऐकण्यास लोकांची एवढी दाटी झाली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. महिन्याभरात अहवाल आला. खात्याच्या कृत्याची जबाबदारी मंत्र्यास टाळता येत नाही, हे तत्त्व न्यायमूर्तींनी सांगितले, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी ह्यांनी राजीनामा दिला. १९०२ साली केवळ बोलता येत होते. छप्पन्न वर्षांनी लोकप्रतिनिधीच्या प्रश्नाने मंत्री पायउतार झाला.

आज ही साधने पुष्कळ आहेत. कायद्याच्या आधाराशिवाय कर नाही आणि विधिमंडळाने विनियोजनाचा कायदा केल्याशिवाय संचित निधीतून एक पैसा काढता येत नाही, असे राज्यघटनेत लिहिलेले आहे. सभासदास प्रश्न विचारता येतात. कपात सूचना मांडता येते. धोरण अमान्य असेल तर मागणी एक रुपयावर आणावी अशी सूचना करता येते, आणि एखादे विशिष्ट गाऱ्हाणे मांडावयाचे तर शंभर रुपये कमी करावेत अशी. खर्च झाल्यावर नियंत्रक व महालेखापरीक्षक तपासणी करतात, त्यांचा अहवाल सभागृहापुढे येतो आणि लोकलेखा समिती अधिकाऱ्यांस बोलावून जाब विचारते. केंद्रात आहे तशीच रचना आपल्या राज्यातही आहे.

परंतु साधन असणे आणि ते वापरणे ह्यांत अंतर आहे. २०१८ व २०२३ साली लोकसभेत गोंधळ माजून लक्षावधी कोटी रुपयांच्या मागण्या चर्चेवाचून संमत झाल्या. ह्यात दोष कोणत्या बाजूचा, हा वाद येथे नको. गोखल्यांस एका दिवसाच्या बोलण्यासाठी वर्षभर थांबावे लागे व मत देता येत नसे. आज मताचा पूर्ण अधिकार असता तो एक शब्दही न उच्चारता खर्ची पडावा, ह्याची खंत वाटते. लेखापरीक्षणाचे अहवाल आता सर्वांस घरबसल्या वाचावयास मिळतात. पण वाचतो कोण?

आणि हा प्रश्न दिल्ली-मुंबईपुरता नाही. आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेतही ताळेबंदाचा विषय पुकारला की 'मंजूर, मंजूर' असा गजर होतो आणि सर्वांचे लक्ष अल्पोपाहाराकडे वळते. आपले कोषाध्यक्ष प्रामाणिक आहेत, म्हणूनच त्यांस प्रश्न विचारले गेले पाहिजेत. विद्यार्थी साहाय्यनिधीत जमा किती, शिष्यवृत्ती किती मुलामुलींस मिळाली, वसतिगृहाच्या दुरुस्तीवर ठरल्यापेक्षा अधिक खर्च का झाला, हे विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. प्रामाणिक माणसास हिशेब विचारला म्हणजे त्याची प्रतिष्ठा वाढते, आणि पुढे कधी अप्रामाणिक मनुष्य त्या जागी आला तर विचारण्याची सवय समाजास असते. ही सवय ज्या घरात, ज्या मंडळात लागेल, तेथूनच उद्याचे चांगले सभासद विधिमंडळात जातील.

म्हणून माझी ज्ञातीतील तरुणांस विनंती आहे की ह्या स्मरणिकेच्या अखेरीस छापलेला मंडळाचा जमाखर्च त्यांनी एकदा पेन्सिल हाती घेऊन वाचावा. बेरजा करून पाहाव्यात, शंका येईल तेथे खूण करावी आणि येत्या सभेत उभे राहून नम्रपणे, परंतु स्पष्टपणे विचारावे. गणेश व्यंकटेश जोशी ह्यांनी शाळेच्या खोलीत बसून जे केले, ते ह्याहून फार वेगळे नव्हते.