फुलराणीला अहिराणी येत असती तर

कॉलेजच्या पहिल्या वर्षी हॉस्टेलमध्ये माझ्या तोंडून 'आहे'ऐवजी 'शे' निघालं आणि खोलीभर हशा पिकला. नंतरची चार वर्षं नंदुरबार स्टँडवर उतरल्याशिवाय मी अहिराणी बोललो नाही. त्यामुळे 'ती फुलराणी' मला नुसती कॉमेडी वाटत नाही.

तिचं मूळ म्हणजे व्हिक्टोरियन काळात घडलेल्या बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन'. १९१४ साली ते लंडनमध्ये आलं. उच्चारशास्त्राचा प्रोफेसर हिगिन्स फूलवाल्या एलायझाची बोली बदलून तिला 'लेडी' बनवतो.

या नाटकाची वाचनं तीन. पहिलं प्रेमकथेचं. हिगिन्सचं काम करणारा बीरबोम ट्री शेवटी एलायझाकडे फुलं फेकायचा, शॉ वैतागायचा. १९१६ साली त्याने उत्तरकथा जोडून तिचं लग्न फ्रेडीशी लावलं. तरी १९५६च्या 'माय फेअर लेडी'त ती हिगिन्सकडेच परतली. दुसरं वाचन वर्गाचं: उच्चार बदलला की दर्जा बदलतो, म्हणजे दर्जा मुळात पोकळच. तिसरं स्त्रीवादी: फुलं विकून पोट भरणारी बाई 'लेडी' झाली, आता तिने लग्नाशिवाय करायचं काय?

पु. ल. देशपांड्यांनी १९७५ साली एलायझाची मंजुळा साळुंके केली. भक्ती बर्वेंनी ती अशी उभी केली, की तिचं धडा शिकवण्याचं स्वगत आजही मुली स्पर्धांत करतात. प्रेक्षक तिच्या बोलण्यावर हसतात आणि त्या स्वगताला टाळ्याही देतात. ते हसू आणि त्या टाळ्या एकाच तोंडाच्या बोलीसाठी असतात, हे मात्र आपण विसरतो.

मला इथे चौथं वाचन दिसतं. हिगिन्स मानतो की एलायझाचं बोलणं बिघडलेलं आहे. पण अहिराणी ही बिघडलेली मराठी नाही, तिला स्वतःचं व्याकरण आहे. धडगाव-अक्कलकुव्यातल्या भिली, पावरी तर प्रमाण मराठीपासून आणखी लांब. तिथलं मूल शाळेत येतं ते चुका घेऊन नव्हे, एक भाषा घेऊन येतं. त्याला दुसरी जरूर शिकवा, पण पहिलीची लाज शिकवू नका.

गंमत बघा, पुलंच्या नाटकाचं नाव ज्या 'फुलराणी'ची आठवण करून देतं, ती लिहिणारे बालकवी जन्मले खानदेशातल्या धरणगावात. नंदुरबारहून जळगावकडे जाणारी गाडी त्याच गावावरून जाते.

आता ऑफिसातून घरी फोन लावला की मी मुद्दाम मोठ्याने विचारतो, 'माय, कशी शे?'