बारावीनंतरची धाव

पश्चिम रेल्वेवर पालघर आणि बोईसर यांच्या मधोमध उमरोळी हे लहानसं स्थानक लागतं. एका अंगाला जिल्ह्याचं मुख्यालय, दुसऱ्या अंगाला तारापूरची औद्योगिक वसाहत आणि पूर्वेकडे विक्रमगड-जव्हारच्या दिशेनं चढत जाणारा मुलूख. अशा पट्ट्यातली एखादी मुलगी शालेय स्पर्धेत तीन हजार मीटरला जिल्ह्यात पहिली येते, विभागात जिंकते, राज्य स्पर्धेला जाऊन येते आणि मग बारावीचा निकाल लागतो. अमेरिकेतल्या तिच्या वयाच्या धावपटूला या वळणावर कुठल्या विद्यापीठाकडून पळायचं याचा निर्णय घ्यायचा असतो. प्रशिक्षक तिच्या घरी फोन करतात, आपला परिसर दाखवायला बोलावतात, शिष्यवृत्तीचा आकडा सांगतात. आपल्याकडे त्याच मुलीला विचारला जाणारा प्रश्न वेगळा असतो: भरतीचा फॉर्म भरला का? लांब पल्ल्याच्या धावपटूनं खेळासाठी महाविद्यालय निवडावं ही रीत महाराष्ट्रात रुजलीच नाही. धावपटूनं निवडली ती नोकरी, किंवा नशीब जोरावर असेल तर प्रशिक्षक. घरच्या गरिबीमुळे हे आपसूक घडलं, असं बहुतेक जण समजतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. ही रीत शंभरेक वर्षांत घडत गेली, आणि महाविद्यालयांनी मोकळी ठेवलेली जागा हे तिचं मोठं कारण आहे.

मागे जाऊन पाहिलं तर पहिलवान आणि पळणारा यांच्या वाट्याला आलेला फरक डोळ्यांत भरतो. कुस्तीला तालीम होती, वस्ताद होता, खुराक होता, कोल्हापुरात शाहू महाराजांसारखा आश्रयदाता होता. पळणाऱ्याला यातलं काही नव्हतं. मराठेशाहीत त्याची गरज पडे ती जासूद म्हणून, पत्रांची थैली घेऊन मजल मारणारा माणूस म्हणून. म्हणजे पहिलवान घडवला जाई आणि पळणारा कामावर ठेवला जाई. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांना दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून गेले तेव्हा त्यांना हेच दिसलं. लांब शर्यतीत उतरलेली मुलं शेतकरी घरांतली होती, अनवाणी पळत होती, त्यांना ना नियम ठाऊक होते ना आधुनिक सराव, तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या वेळांच्या जवळ जात होत्या. त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉन २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पळून एकोणिसावे आले. सदाशिव दातारही त्याच शर्यतीत होते. या प्रसंगाचा अर्थ आपण जरा घाईनं लावला. अनवाणी पोरगा जगात एकोणिसावा येतो म्हणजे पळण्याला काहीच लागत नाही, असा तो अर्थ. टाटांच्या निरीक्षणातला दुसरा भाग, सराव आणि नियम ठाऊक नसण्याचा, मागे पडला. खरं तर काही न शिकवता जो एकोणिसावा येतो, तो शिकवल्यावर कुठे पोचला असता हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

महाविद्यालयानं खेळाडूला उचलून धरल्याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरणही कुस्तीतलंच आहे. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे कमी पडत होते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. ही गोष्ट आपण प्राचार्यांच्या मोठ्या मनाची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण ती महाविद्यालयाच्या रिकाम्या हातांचीही आहे. विद्यार्थी ऑलिंपिकला निघाला असताना प्राचार्याला घर गहाण ठेवावं लागतं, याचा अर्थ संस्थेकडे त्यासाठी वाट नव्हती. पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धा वाढल्या, खेळाडूंना परीक्षेत वाढीव गुण आले, प्रवेशात राखीव जागा आल्या. या सगळ्यांतून खेळाडूला प्रवेश मिळाला, गुण मिळाले. रोज पहाटे मैदानावर उभा राहणारा माणूस मात्र क्वचितच मिळाला. महाविद्यालयाचं नाव स्पर्धेच्या प्रवेशिकेवर असे, आणि सराव जिथे जमेल तिथे चाले.

ती जागा नोकरीनं भरली. सैन्य, रेल्वे, पोलीस, सार्वजनिक कंपन्या यांनी धावपटू घेतले, पोसले आणि त्यांच्याकडून पदकंही आणली. महाराष्ट्र शासनानं २००५ मध्ये सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण ठेवलं, त्यामुळे खेळाकडून नोकरीकडे जाणारा रस्ता आणखी पक्का झाला. पालघरसारख्या जिल्ह्यात तर धावणं आणि भरती हे शब्द जोडीनंच येतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, सोबत १०० मीटर आणि गोळाफेक. सैन्याच्या अग्निवीर भरतीसाठीही १.६ किलोमीटर. त्यामुळे रस्त्याकडेला पहाटे पळणाऱ्या घोळक्याची सगळी मेहनत मैदानाच्या दोन-चार फेऱ्यांसाठी असते. दहा हजार मीटरचा धावपटू या मापात बसत नाही. त्याचं शरीर तयार व्हायला वर्षं लागतात. नाशिक जिल्ह्यातल्या कविता राऊतनं २०१० मध्ये राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धांत पदकं मिळवली तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओत ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली, ती सत्ताविसाव्या वर्षी. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे त्याच शर्यतीत २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला ८ मिनिटं ११.२० सेकंदांत राष्ट्रकुल रौप्य घेतो, तेव्हा तोही सत्तावीस वर्षांचा. बारावी अठराव्या वर्षी होते. मधली सात ते नऊ वर्षं धावपटू कुणाच्या आधारानं काढतो, हा खरा प्रश्न. त्यातली पहिली चार-पाच वर्षं नेमकी महाविद्यालयाची आहेत.

ती वर्षं महाविद्यालयाच्या वयात नीट भरली गेली तर काय होतं, याचा पुरावा पालघरच्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. कविता राऊत नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलजवळच्या सावरपाड्याची. हा भाग पालघरच्या मोखाडा तालुक्याला लागून आहे, तेच डोंगर, तेच पाण्याचे हंडे, तीच आदिवासी वस्ती. तिच्यात आणि जव्हार-मोखाड्याच्या मुलीत निसर्गानं फरक केलेला नाही. फरक केला तो नाशिक शहरात वर्षानुवर्षं टिकून राहिलेल्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या एका प्रशिक्षकानं. विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली कविता घडली, दिंडोरी तालुक्यातली मोनिका आथरे घडली आणि ती २०१७ च्या लंडन जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन पळली, संजीवनी जाधव घडली. कवितानं दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य ३३ मिनिटं ५.२८ सेकंदांत घेतलं. राष्ट्रकुलच्या ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. दीडेक महिन्यात ग्वांगजौच्या आशियाई स्पर्धेत ती ३१ मिनिटं ५१.४४ सेकंदांत पळून दुसरी आली. सुवर्ण जिंकलेली प्रीजा श्रीधरन तिच्या पुढे होती ती सेकंदभरच. आणि संजीवनीचं उदाहरण तर माझ्या मुद्द्याला थेट लागू पडतं. २०१७ मध्ये तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत तिनं दहा हजार मीटरचं रौप्य मिळवलं. त्या स्पर्धेत उतरायचं तर विद्यापीठाचं विद्यार्थी किंवा नुकतंच पदवीधर झालेलं असावं लागतं. म्हणजे शिक्षण आणि लांब पल्ला एका गावात, एका प्रशिक्षकाजवळ राहून जमवता येतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, तिथली हवा बरी आहे, हे सारं मान्य. पण तेवढ्या उंचीची गावं महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. धावपटूंची अशी रांग सगळ्यांनी लावली नाही.

यावर पहिला आक्षेप साबळेचाच घेतला जाईल. तो बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, राजस्थान-सिक्कीम पाहिलं आणि तिथूनच आशियाई विजेता झाला. मग महाविद्यालय हवंच कशाला? साबळेचं कर्तृत्व अफाट आहे. गोपाल सैनीचा स्टीपलचेसमधला १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम त्यानं २०१८ मध्ये मोडला आणि मग स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडत २०२४ मध्ये पॅरिसला तो ८ मिनिटं ९.९१ सेकंदांवर नेला. पण त्याच्या आयुष्यातला क्रम नीट पाहावा. सैन्यानं त्याला धावपटू म्हणून घेतलं नव्हतं. २०१५ नंतर क्रॉस कंट्रीत तो कुणाच्या तरी नजरेला पडला, आणि स्टीपलचेसकडे वळला तो २०१७ च्या सुमारास. अठरा ते एकवीस ही वर्षं बर्फात आणि वाळवंटात गेली. देशाच्या दृष्टीनं ती वाया गेली असं मी म्हणणार नाही. धावण्याच्या दृष्टीनं मात्र तो योगायोगानं सापडला, आणि योगायोगाला आपण व्यवस्था म्हणू लागलो तर न सापडलेल्यांचा हिशेब कधीच लागणार नाही. शिवाय ही वाट उमरोळीच्या मुलीसाठी नाहीच म्हणावी इतकी अरुंद आहे. जवान म्हणून मुलींची भरती २०१९ मध्ये सुरू झाली, तीही सैन्य पोलीस दलापुरती.

दुसरा आक्षेप अमेरिकेकडे बोट दाखवणाऱ्यांचा: इथली महाविद्यालयं सुधारण्याची वाट कशाला पाहता, मुलं तिकडेच पाठवा. याला आधार आहे. केनियाच्या नंदी टेकड्यांतला हेन्री रोनो वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात शिकत असताना १९७८ मध्ये ८१ दिवसांत चार जागतिक विक्रम करून गेला. आपला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटकडून उंच उडीत दोनदा अमेरिकन विद्यापीठांचा विजेता झाला. पण तिथला हिशेबही समजून घेतला पाहिजे. अनेक वर्षं वरच्या गटातल्या विद्यापीठाला पुरुषांच्या मैदानी खेळांसाठी मिळून १२.६ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. धावणारे, उड्या मारणारे, फेकणारे सगळे त्यात. त्यामुळे बहुतेकांच्या वाट्याला शिष्यवृत्तीचा तुकडाच यायचा. २०२५ मध्ये ही मर्यादा उठली आणि तिच्या जागी संघातल्या संख्येची मर्यादा आली, त्यामुळे मधल्या दर्जाच्या मुलाला संघात शिरणं अवघड झालं. त्यात इंग्रजी, पात्रतेचे कागद, व्हिसा आणि शिष्यवृत्तीबाहेरचा खर्च. पालघरच्या एखाद्या मुलाला हे जमलं तर त्यानं जरूर जावं. तिथून घेण्यासारखी गोष्ट मात्र पैशापेक्षा वेगळी आहे. शरदात क्रॉस कंट्री, हिवाळ्यात बंदिस्त ट्रॅक, वसंतात मोकळा ट्रॅक, असं अख्खं वर्ष तिथे एका प्रशिक्षकाच्या वहीत आखलेलं असतं आणि परीक्षांचं वेळापत्रक त्या वहीशेजारी ठेवून पाहिलं जातं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, कारण तो घरातून येतो. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत अठराव्या वर्षी कंत्राटी काम मिळतं. महिन्याला हातात येणारा पगार आणि सात वर्षांनी येईल न येईल असं पदक, यांत आईबापांनी पगार निवडला तर त्यांना दोष देता येणार नाही. पोलीस भरती तर त्याहून चांगली: पेन्शन, मान, गावाजवळची नोकरी. मी या निवडीला चूक म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की तराजूच्या दुसऱ्या पारड्यात आजवर काही ठेवलंच गेलेलं नाही. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीनं नव्वदच्या दशकापासून मुलांना राहण्या-खाण्यासह प्रशिक्षण दिलं, पण ती शालेय वयावर बेतलेली आहे. आणि जिथून धावपटूचं अवघड वय सुरू होतं, तिथे तिचा हात सुटतो. मुंबई विद्यापीठाचं क्रीडा संकुल मरीन लाइन्सला आहे, उमरोळीपासून जवळपास शंभर किलोमीटरवर. पहाटेचा सराव तिथे करायचा तर मुलानं रात्रीच गाडी पकडायला हवी. पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला, लोकल त्याआधीच २०१३ मध्ये डहाणूपर्यंत आली. विद्यापीठाचं मैदान होतं तिथेच राहिलं.

म्हणून या पट्ट्यातल्या धावपटूला महाविद्यालय निवडायचं असेल, तर इमारत आणि निकालाची टक्केवारी यांच्याआधी त्यानं काही साध्या गोष्टी विचाराव्यात. लांब पल्ला शिकवणारं कुणी तिथे आहे का, आणि ते किती वर्षं टिकलंय? आंतरविद्यापीठ क्रॉस कंट्रीच्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा आली तर ती पुढे घेतात का? सरावाचे आणि स्पर्धांचे दिवस ७५ टक्के हजेरीत धरतात का? वसतिगृहात सकाळी सहाला भाकरी-अंडं मिळतं, की न्याहारीची वेळ नऊ? पायाला दुखापत झाली तर एक वर्ष थांबू देतात, की नाव काढून टाकतात? पालघरला सोनोपंत दांडेकरांच्या नावाचं महाविद्यालय आहे. सोनोपंत याच मुलखातले, पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य आणि दर वर्षी पंढरीची वारी पायी करणारे वारकरी. लांब अंतर रोज थोडं थोडं कसं कापायचं हे जाणणाऱ्या माणसाचं नाव ज्या दारावर आहे, त्या दाराशीही या मुलांनी हे प्रश्न विचारावेत, आणि नाशिकला जाण्याचा पर्याय हातात ठेवून विचारावेत.