हायड्रामॅटिकचे निदान
१९३९ च्या अखेरीस अमेरिकेतील जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्ड्समोबिलसाठी हायड्रामॅटिक हा स्वयंचलित गिअरबॉक्स पुढे आणला, तेव्हा क्लचचे पेडल तर नाहीसे झालेच, परंतु गिअरचा दोष केवळ हाताने आणि कानाने ओळखणाऱ्या मेकॅनिकांची पूर्वार्जित विद्याही एकाएकी अपुरी पडली. गिअर केव्हा बदलावा याची मुखत्यारी आता तेलाच्या दोन दाबांकडे होती: वेगाबरोबर वाढणारा गव्हर्नरचा दाब गिअर वर चढवू पाही आणि ॲक्सिलरेटरशी जोडलेला थ्रॉटलचा दाब त्यास अडवून धरी. म्हणून जुन्या गाडीचा गिअर उशिरा किंवा धक्क्यासरशी पडू लागला, तर जाणता कारागीर गिअरबॉक्स उतरविण्याची घाई न करता प्रथम डिपस्टिक काढून तेल बोटांवर चोळी. ते काळपट, करपट वासाचे असेल तर गिअरबॉक्सच्या आतील क्लचच्या चकत्या घसरून जळाल्याची ती ठळक खूण. निर्मळ असेल तर संशय थ्रॉटलच्या दांड्याच्या लांबीवर अथवा अडकलेल्या गव्हर्नरवर. मग दाबमापक, आणि त्यानंतर ड्रम आवळून धरणाऱ्या बँडची जुळवणी. सर्वांत स्वस्त तपास सर्वांत आधी, हा क्रम मला फार विवेकी वाटतो.

पण कधी कधी त्याही आधी एक प्रश्न विचारावा लागतो. ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिकेतील लिव्होनिया येथला हायड्रामॅटिकचा कारखाना आगीत भस्मसात झाला आणि काही काळ कॅडिलॅकलाही ब्युइकचा डायनाफ्लो हा गिअरबॉक्स बसवावा लागला. डायनाफ्लो ‘ड्राइव्ह’मध्ये आपण होऊन गिअर बदलतच नाही, सबब त्या सालची कॅडिलॅक गिअर बदलत नाही अशी फिर्याद आली, तर आत कोणता गिअरबॉक्स आहे हे आधी पाहावे लागते.