टिपारी : अजाण फळ ओळखीचं कसं होतं?



बावीस अभक्ष्यांची यादी आपण लहानपणी पाठशाळेत पाठ केली. मध, लोणी, कंदमूळ, वांगी ही नावं सगळ्यांच्या लक्षात राहतात. त्याच यादीत "अजाण फळ" हेही आहे, पण त्याचा विचार करायची वेळ सहसा येत नाही, कारण आपण आणतो ती फळं ओळखीचीच असतात. मी डोंबिवलीत गॅलरीतल्या कुंड्यांमध्ये टिपारी लावायला लागले आणि घरी येणारी प्रत्येक बाई विचारू लागली, "हे आपल्याला चालतं का?" म्हणून आज या फळाचा थोडा इतिहास.

टिपारी म्हणजे कागदी कंदिलासारख्या आवरणात लपलेलं, बोराएवढं पिवळं-केशरी फळ. बाजारात ते रसभरी किंवा पोपटी या नावांनीही मिळतं. हिवाळ्याच्या शेवटी फळवाल्यांकडे दिसतं आणि महिन्या-दोन महिन्यांत नाहीसं होतं. चव आंबटगोड.

आधी शास्त्र काय सांगतं ते पाहू. बाराव्या शतकात कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात वर्ज्य पदार्थ सांगताना अज्ञात फळाचा उल्लेख केला आहे. पुढे त्याचं कारणही दिलं आहे. आशय असा की, शहाण्याने स्वतः ओळखलेलं किंवा दुसऱ्या जाणकाराने ओळखलेलं फळच खावं, म्हणजे निषिद्ध किंवा विषारी फळ खाल्लं जाणार नाही. वंकचूलाची कथा आपण व्याख्यानात ऐकतोच. अनोळखी फळ खायचं नाही एवढा साधा नियम त्याने गुरूंकडून घेतला होता. भुकेलेल्या साथीदारांनी रानातली किंपाकफळं खाल्ली आणि ते मेले. नियमामुळे वंकचूल वाचला.

यात फळ देशी की परदेशी याचा प्रश्नच नाही, प्रश्न ओळखीचा आहे. आणि ओळखीचे दोन मार्ग सांगितले आहेत : दुसऱ्याकडून आणि स्वतः.

दुसऱ्याकडून मिळालेली ओळख म्हणजे इतिहास. टिपारीचं मूळ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या भागात, पेरू देशाच्या आसपास. स्वीडनच्या लिनियसने १७६३ साली तिला जे शास्त्रीय नाव दिलं त्यात "पेरूची" असाच अर्थ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपूर्वीच आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला वसलेले लोक ती लावत होते. इंग्रजीत ती "केप गूसबेरी" झाली ती त्यामुळेच, असं सहसा सांगतात. १८८६ साली यूल आणि बर्नेल यांचा "हॉब्सन-जॉब्सन" हा प्रसिद्ध कोश निघाला. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यात रुळलेले देशी शब्द त्यात आहेत, आणि त्यांत टिपारीही आहे, तिचा जॅम उत्तम होतो या शेऱ्यासकट! म्हणजे आपल्या पणजीच्या आधीच्या काळापासून हे फळ इथे नाव घेऊन नांदत होतं.

समुद्रापलीकडून काही येणं आपल्या भागाला नवीन नाही. कल्याण बंदराचा उल्लेख पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात आहे. ठाण्याचं नाव तर आपल्याला श्रीपाळ राजाच्या कथेतून माहीत आहे. धवल शेठने समुद्रात ढकललेला श्रीपाळ नवपदाचं स्मरण करत मगरमच्छाच्या पाठीवरून कोकणकिनारी लागला, ते नगर म्हणजे ठाणे. टेंभी नाक्यावरच्या मुनिसुव्रतस्वामींच्या देरासरला "कोकण शत्रुंजय" म्हणतात, आणि ओळीच्या दिवसांत तिथे जाताना ही कथा हटकून आठवते.

पुढे सुमारे दोनशे वर्षं ठाण्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता. १७३७ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणे घेतलं. या काळात पोर्तुगीजांच्या जहाजांतून अमेरिकेतली कितीतरी झाडं पश्चिम किनाऱ्यावर आली : पेरू, पपई, अननस, काजू, मिरची. सीताफळ आणि रामफळही मूळचे तिकडचेच. आज त्यांची नावं ऐकून कोणी म्हणेल का हे? एकेकाळी ही सगळीच आपल्यासाठी अजाण फळं होती.

याची एक खूण मला आयंबिलच्या ताटात दिसते. आमच्याकडे आयंबिलात तिखटपणासाठी मिरे आणि सुंठ चालते, लाल तिखट किंवा हिरवी मिरची नाही. १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेला पोचण्याआधी आपल्या देशात मिरची नव्हतीच. तिखट म्हणजे मिरे, पिंपळी, सुंठ. त्यामागचं कारण त्यागाचं आहे हे खरं, पण मिरचीआधीचं स्वयंपाकघर त्या ताटात टिकून आहे असं मला वाटतं.

दुसरं उदाहरण बटाट्याचं. तोही अँडीजमधलाच, टिपारीचा भाऊबंद. टोमॅटो, मिरची आणि वांगंही याच कुळातले. एकाच खंडातून मिरची आली आणि बटाटाही आला. आपल्या पूर्वजांनी मिरची स्वीकारली आणि जमिनीखाली वाढणारा बटाटा अनंतकाय म्हणून बाजूला ठेवला. परदेशी म्हणून सरसकट नाकारलं नाही आणि नवं म्हणून भुलून घेतलंही नाही. आधी जाणलं, मग ठरवलं.

आता दुसरा मार्ग, स्वतः ओळखण्याचा. त्यासाठी झाड लावण्यासारखं दुसरं काही नाही. चातुर्मासात मी माती उकरत नाही. कार्तिकी पौर्णिमेनंतर बी पेरते. बी खसखशीपेक्षा थोडंसंच मोठं असतं, ते वरवर टाकून पातळ माती भुरभुरायची. दोन-तीन आठवड्यांत रोपं दिसतात. बोटभर उंच झाली की एकेका बारा इंची कुंडीत एकेक लावायचं. पाच-सहा तास ऊन हवं. खत बेताचं, नाहीतर नुसती पानं वाढतात. झाड पसरतं, म्हणून काठीचा आधार द्यायचा. किडीवर औषध मारण्याची वेळ येऊ नये म्हणून मी रोपं लहान असल्यापासून बारीक जाळी लावते आणि कुंड्यांत अंतर ठेवते. पाणी सकाळी गाळूनच.

पिवळी फुलं येतात, आत गडद ठिपके असतात. फुलानंतर हिरवा कंदील फुगतो आणि फळ पिकायला दोन महिन्यांहून जास्त लागतात. होळीच्या सुमाराला कंदील वाळून गवताच्या रंगाचा होतो.

इथे विषफळाचा इशारा लक्षात ठेवा. टिपारीचं कच्चं हिरवं फळ, पानं आणि कंदिलाचं आवरण खायचं नाही, ते बाधतं. पावसाळ्यात मोकळ्या प्लॉटवर असाच कंदील असलेली रानपोपटी उगवते. नुसत्या दिसण्यावरून तिची फळं मुलांना तोडू देऊ नका.

पिकलेलं फळ मात्र तोडावं लागत नाही. ते आवरणासकट आपोआप खाली पडतं. सहा लेश्यांचं जांभळाच्या झाडाचं चित्र आपण पाठशाळेत पाहिलंय. एकजण झाड मुळापासून तोडू म्हणतो, आणि शेवटचा, शुक्ललेश्येचा, खाली पडलेली फळंच उचलू म्हणतो. माझ्या मुलीला ते चित्र गॅलरीत टिपाऱ्या वेचताना नीट कळलं.

एवढं जाणल्यावर "अजाण" हा आक्षेप माझ्यापुरता मिटला. दुसरा मात्र उरतो, बहुबीजाचा. टिपारीच्या गरात शंभरावर बारीक बिया असतात आणि डाळिंबासारखे त्यांच्यामध्ये पडदे नसतात. सासूबाईंना बहुबीजाचा त्याग आहे, त्या टिपारी खात नाहीत. मी तो नियम घेतलेला नाही, म्हणून खाते, पण पर्वतिथीला नाही. त्यांना आग्रह करत नाही आणि त्याही मला टोकत नाहीत. तुमच्या घरी काय करायचं ते तुमच्या गुरुभगवंतांना विचारूनच ठरवा, आणि विचारताना फळ कापून आतून कसं दिसतं तेही सांगा.

लावणार असाल तर पिकलेल्या एका फळाच्या बिया धुऊन, सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवा. पुढच्या कार्तिकी पौर्णिमेनंतर शेजारणीलाही देता येतील.

जय जिनेंद्र.