अल्बानियातील धर्मपुनरुज्जीवन : एका संज्ञेची चिकित्सा

साम्यवादी राजवटी कोसळल्यानंतर पूर्व युरोपात धर्माचे पुनरुज्जीवन झाले, असे विधान नेहमी केले जाते. अल्बानियाच्या बाबतीत ते कितपत ग्राह्य मानावे, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

अन्य बहुतेक साम्यवादी राष्ट्रांत धर्मसंस्था नियंत्रणाखाली का होईना, तग धरून होत्या. एन्व्हेर होजाच्या राजवटीने मात्र १९६७ मध्ये मशिदी, ख्रिस्ती प्रार्थनामंदिरे व बेक्ताशी पंथाचे मठ सरसकट बंद केले. राज्य कोणताही धर्म मानीत नाही, असे १९७६ च्या संविधानाने घोषित केले. श्कोडर येथील कॅथलिक महामंदिराचे क्रीडागृह झाले. काही आचार घरोघरी गुप्तपणे टिकले. परंतु नवे धर्मोपदेशक घडविणारी परंपरा तेवीस वर्षे खंडित झाली. वास्तूंच्या नाशापेक्षा ही हानी अधिक गंभीर होय.

नोव्हेंबर १९९० मध्ये श्कोडरच्या दफनभूमीत सिमोन युबानी यांनी जाहीर मिस्सा अर्पण केला. त्याच महिन्याच्या १६ तारखेस तेथील शिशाच्या मशिदीत हाफिज साब्री कोची यांनी शुक्रवारचा नमाज पढविला. दोघांनीही दीर्घ कारावास भोगला होता. आरंभ असा स्वदेशी असला, तरी पुढील उभारणीस बाहेरचे साहाय्य अपरिहार्य ठरले. ऑर्थोडॉक्स चर्चचे नेतृत्व १९९२ मध्ये अनास्तासिओस या ग्रीक धर्माचार्यांकडे आले. त्यांच्या राष्ट्रीयत्वावरून वाद झाला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९३ मध्ये श्कोडर येथे चार बिशपांना दीक्षा दिली. अरब देश व तुर्कस्तान यांच्या साहाय्याने मशिदी उभ्या राहिल्या. परदेशांत शिकून आलेल्या तरुणांमुळे स्थानिक हनफी परंपरा व नवे विचार यांत ताण उत्पन्न झाला.

जनगणनेचे आकडे उद्बोधक आहेत. स्वतःस मुसलमान म्हणविणारे २०११ मध्ये सुमारे ५७ टक्के होते, २०२३ मध्ये सुमारे ४६ टक्के. कॅथलिकांचे प्रमाणही दहावरून आठ टक्क्यांवर आले. उलट, कोणताही पंथ न सांगता केवळ श्रद्धावान म्हणविणारे साडेपाच टक्क्यांवरून सुमारे चौदा टक्क्यांवर गेले. २०११ च्या आकड्यांवर ऑर्थोडॉक्स व बेक्ताशी यांनी आक्षेप घेतला होता, हे ध्यानात ठेवूनही संस्थांची वाढ व पंथनिष्ठेची वाढ या भिन्न गोष्टी ठरतात.

सारांश, घराण्याची धार्मिक ओळख मेलीच नव्हती, म्हणून तिचे पुनरुज्जीवन संभवत नाही. आणि संस्था जवळजवळ नामशेष झाल्या होत्या, म्हणून त्या नव्याने बांधाव्या लागल्या. तेव्हा या घटनेस पुनरुज्जीवनापेक्षा पुनर्रचना म्हणणे अधिक यथार्थ होईल.